वृत्तपत्रांतील ‘वेग’

मराठी वृत्तपत्र हाती घेऊन त्यातील एकच शब्द तेवढा शोधीत जावयाचे असे कोणी ठरविले, तर ‘वेग’ हा शब्द त्यास पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोबत करील. पहिल्या पानावर उड्डाणपुलाच्या कामास वेग आलेला असतो. त्याच्या शेजारी एखाद्या गुन्ह्याच्या तपासास वेग आलेला असतो. निवडणूक जवळ आली असल्यास राजकीय हालचालींनी वेग घेतलेला असतो. आतल्या पानावर भरधाव वेगाने आलेल्या मालमोटारीने कोणा पादचाऱ्यास ठोकरलेले असते. व्यापाराच्या पानावर महागाईचा वेग मंदावलेला असतो, हवामानाच्या रकान्यात वाऱ्याचा वेग ताशी अमुक किलोमीटर असतो, आणि खेळाच्या पानावर वेगवान गोलंदाज असतो. शब्द एकच; परंतु ह्या सात ठिकाणी तो एकच गोष्ट सांगतो काय, आणि सांगत नसल्यास वाचणाऱ्याची त्यात काही फसगत होते काय, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहणे इष्ट होईल. संस्कृतातील ‘विज्’ ह्या धातूचा मूळ अर्थ थरथरणे, दचकणे, क्षुब्ध होणे असा आहे. उद्वेग, आवेग, संवेग हे शब्द त्याच धातूपासून निघाले आणि वेगही तेथूनच निघाला. म्हणजे आरंभी ह्या शब्दाचा संबंध कापलेल्या अंतराशी नसून आतून बसणाऱ्या धक्क्याशी होता. आयुर्वेदाने हा अर्थ जपून ठेवला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’ असे आहे. मलमूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, निद्रा इत्यादी शरीराचे तेरा वेग त्यात सांगितले असून ते अडवू नयेत असा उपदेश आहे. उलटपक्षी लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग मात्र अडवावेत असे सांगितले आहे. वैशेषिक दर्शनात वेग हा संस्कार नामक गुणाचा एक प्रकार मानला आहे. धनुष्यापासून सुटलेला बाण दोरीचा स्पर्श संपल्यावरही पुढे जातो, तो ज्याच्या बळावर जातो तो वेग.

ह्या जुन्या अर्थावर नव्या अर्थाचे कलम झाले ते घड्याळ आणि आगगाडी ह्यांमुळे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत निघाले तेव्हा ह्या देशात आगगाडी नव्हती व तारायंत्रही नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत सुमारे ३४ किलोमीटर अंतर पहिली प्रवासी गाडी धावली. १८५५ साली तारेची सोय सर्वसामान्यांस खुली झाली. १८७० साली समुद्राखालून आलेल्या तारेने मुंबई आणि इंग्लंड जोडले गेले. अंतर मोजलेले आणि वेळही मोजलेली, असा नवा वेग लोकांच्या अनुभवास आला आणि ‘ताशी’ हा लहानसा, मोठा उपयोगी शब्द त्याच्यापुढे येऊन बसू लागला. तेव्हापासून आजतागायत मराठी वृत्तपत्रात हे दोन वेग शेजारीशेजारी नांदत आहेत. एक आतल्या जोराचा आणि दुसरा मोजमापाचा. वाऱ्याचा वेग मोजलेला असतो. हालचालींचा वेग मोजलेला नसतो व मोजता येण्यासारखाही नसतो. येथपर्यंत कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. कोणत्याही जिवंत भाषेतील शब्द असे दुहेरी संसार करीतच असतात. अडचण उत्पन्न होते ती न मोजलेला वेग मोजलेल्या वेगाचे वजन घेऊन वाचकापुढे उभा राहतो तेव्हा.

ह्याचे सर्वांत गंभीर उदाहरण अपघाताच्या बातमीत सापडते. ‘भरधाव’ हा शब्द मूळचा घोड्याचा. घोडा भरधाव सुटला म्हणजे पूर्ण धावेत सुटला. आज घोडे गेले आणि हा शब्द मोटारीस चिकटला. इतकेच नव्हे तर ‘भरधाव वेगाने’ असा दुहेरी होऊन बसला. पोलिसांच्या फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने व बेदरकारपणे’ अशी शब्दांची माळच असते. बातमीदार त्या माळेतील पहिला मणी तेवढा उचलतो, कारण बाकीचे दोन बातमीस जड पडतात. आता गंमत अशी, की कायद्यास नेमके तेच दोन मणी हवे असतात. भारतीय दंडसंहितेचे २७९ वे कलम व १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम, ही दोन्ही सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालविण्याविषयी बोलतात. वेगाचा आकडा त्यांत नाही. नेमून दिलेली वेगमर्यादा ओलांडणे हा मोटार वाहन कायद्याखालील निराळा अपराध आहे.

ह्या भेदाचे महत्त्व कर्नाटकातील एका खटल्यावरून दिसून येते. १९८२ साली एक मालमोटार नाला ओलांडताना उलटली आणि १५ माणसे प्राणास मुकली. चालकास खालच्या न्यायालयांनी दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने त्यास सोडले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. १९९८ साली त्या न्यायालयाने सुटका कायम केली. साक्षीदारांनी गाडी फार वेगात होती असे सांगितले होते. परंतु ‘फार वेगात’ म्हणजे काय, हे एकानेही सांगितले नव्हते. फार वेग ही सापेक्ष संज्ञा आहे. ती उच्चारल्याने हयगय किंवा बेदरकारपणा आपोआप सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पंधरा माणसांच्या मृत्यूचा जाब एका न मोजलेल्या विशेषणाशी येऊन थांबला. ह्यात न्यायालयाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. न्यायालयापुढे जे आले तेवढ्यावरच त्यास निर्णय द्यावयाचा असतो. परंतु जो शब्द न्यायालयात इतका दुबळा ठरला तोच वृत्तपत्रात रोज सकाळी पूर्ण पुराव्याच्या ऐटीत वावरतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शिवाय ‘भरधाव’ हा शब्द पुढचे प्रश्न थांबवितो. रात्री रस्त्याच्या कडेला दिव्यावाचून उभी केलेली मालमोटार, दुभाजकातील बेकायदा फट, पावसाने उखडलेला डांबराचा थर, सलग चौदा तास चाकामागे बसलेला चालक, ही सर्व कारणे त्या एका शब्दाखाली दडपून जातात. गाडी भरधाव होती, तेव्हा अपघात झाला, संपले! रस्ता ज्याच्या ताब्यात असतो त्या खात्यास ह्याहून सोयीचा शब्द शोधूनही सापडणार नाही. अर्थात वाहने खरोखरीच वेडी होऊन धावतात आणि माणसे मारतात, हे कोणी नाकारीत नाही. परंतु त्या ठिकाणची वेगमर्यादा किती होती, ब्रेक दाबल्याच्या खुणा रस्त्यावर किती लांब होत्या, छायाचित्रणयंत्राने काय टिपले, ह्यांपैकी एखादी गोष्ट बातमीत आली तर ‘भरधाव’ लिहिण्याची गरजच राहणार नाही.

अपघाताकडून विकासकामांकडे वळले म्हणजे ह्याच शब्दाचे व्याकरण मोठे मौजेचे वाटू लागते. कामास वेग ‘दिला’ जातो, आणि देणारा कोणीतरी असतोच. मंत्री, आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ह्यांचे नाव त्या वाक्यात ठळक असते. परंतु तेच काम थांबले म्हणजे वेग ‘मंदावतो’ आणि काम ‘रखडते’. मंदावणे व रखडणे ही दोन्ही क्रियापदे अकर्मक! कोणी मंदावले, कोणी रखडविले, असा प्रश्न विचारण्यास वाक्यात जागाच उरत नाही. ‘रखडविणे’ हे प्रयोजक रूप मराठीत आहे. पण बातमीदाराच्या लेखणीतून ते क्वचितच उतरते, आणि उतरलेच तर एका पक्षाने दुसऱ्यावर केलेल्या आरोपाच्या अवतरणचिन्हांत. श्रेयासाठी सकर्मक आणि अपश्रेयासाठी अकर्मक क्रियापद, अशी ही वाटणी कोणी बसून ठरविली नसेल. तरी ती झाली आहे खरी.

ह्याच घरातला आणखी एक शब्दप्रयोग म्हणजे ‘युद्धपातळीवर’. नाल्यांची सफाई युद्धपातळीवर, खड्डे बुजविणे युद्धपातळीवर, पंचनामे युद्धपातळीवर. इतकी युद्धे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतात आणि पहिल्या पावसात पराभवाने संपतात, तरी तो शब्द अजून कामावर हजर आहे. त्याचप्रमाणे वेग देण्याचे ‘निर्देश’ दिले, एवढ्यावरून वेग आल्याची बातमी होते. निर्देश आणि वेग ह्यांच्यामध्ये ठेकेदार, मजूर, सिमेंट, भूसंपादन आणि देयके इतकी मंडळी उभी असतात हे सर्वांस ठाऊक आहे. मथळ्यास मात्र ठाऊक नसते. मागच्या महिन्यात किती मीटर रस्ता झाला व ह्या महिन्यात किती झाला, हे दोन आकडे शेजारी छापले तर वेग आला की नाही हे शाळकरी मुलासही कळेल.

शाळकरी मुलांचा उल्लेख निघालाच आहे तर एक गोष्ट सांगणे योग्य होईल. महाराष्ट्रातील विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘चाल’ आणि ‘वेग’ असा भेद केलेला आहे. एकूण कापलेले अंतर भागिले लागलेला काळ म्हणजे चाल. आणि आरंभबिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत ठरावीक दिशेने झालेले विस्थापन भागिले काळ म्हणजे वेग. पुण्याहून मुंबईस जाऊन पुन्हा पुण्याच्या त्याच फलाटावर परत आलेल्या गाडीची सरासरी चाल कितीही असो, तिचा सरासरी वेग शून्य! हा भेद वृत्तपत्रांत कधीच शिरला नाही, आणि शिरणेही कठीण होते. कारण व्यवहारात चाल म्हणजे पदाची चाल, बुद्धिबळातील चाल, नाहीतर प्रतिपक्षाची चाल. ‘गाडीची चाल’ असे लिहिले तर वाचकास त्यात कारस्थानाचा वास यावयाचा. तरीही शास्त्रकारांनी वेगास दिशा जोडली, ती वृत्तपत्रवाचकाने थोडा वेळ उसनी घेण्यास हरकत नाही. एखादी फाईल एका मेजावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाऊन सहा महिन्यांनी शेऱ्यांसह पहिल्या मेजावर परत आली, तर तिची चाल भरपूर झाली आणि वेग शून्य झाला. ‘प्रक्रियेला वेग’ असा मथळा त्या फाईलीस देता येईल काय, हे पाठ्यपुस्तकावरून ठरविता येते.

वादळाच्या बातमीत मात्र मोजलेला वेगही घोटाळा करू शकतो, कारण तेथे मोजलेले वेग दोन असतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यास धडकले, तेव्हा घरोघर लोक बातम्यांकडे कान लावून होते. वादळात घोंघावणाऱ्या वाऱ्याचा वेग एक, आणि संपूर्ण वादळ समुद्रावरून पुढे सरकते तो वेग दुसरा. हवामान खात्याच्या वर्गवारीत ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वाऱ्याचे ते चक्रीवादळ व ८९ ते ११७ चे ते तीव्र चक्रीवादळ. ही वर्गवारी वाऱ्यावरून होते, सरकण्यावरून नव्हे. वादळ स्वतः पुष्कळदा ताशी दहापंधरा किलोमीटरनेच सरकत असते. म्हणून ‘वादळाचा वेग मंदावला’ एवढेच वाचून ज्याने छपरावरचे पत्रे बांधून ठेवण्याचे लांबणीवर टाकले, त्याची पुरती फसगत होण्याचा संभव असतो. सावकाश सरकणारे वादळ एकाच मुलखावर अधिक काळ थांबते आणि तेथे पाऊस अधिक पाडते. म्हणजे तो मंदपणा उलट अधिक घातक. बातमीत ‘वाऱ्याचा वेग’ आणि ‘पुढे सरकण्याचा वेग’ असे दोन स्पष्ट शब्द वापरण्यास फार तर अर्धी ओळ अधिक लागते.

गृहिणींस अधिक जवळचा घोटाळा महागाईच्या वेगाचा. किरकोळ महागाईचा वार्षिक दर एप्रिल २०२२ मध्ये ७.७९ टक्के होता. तो एप्रिल २०२३ मध्ये ४.७० टक्क्यांवर आला. महागाईचा वेग मंदावला असे त्यावर लिहिले, तर ते अक्षरशः बरोबर आहे. परंतु घाईत वाचणाऱ्यास त्यातून किमती उतरल्या असे वाटते, आणि काही मथळे तर ‘महागाई घटली’ असेच सांगून मोकळे होतात. वस्तुस्थिती काय? एप्रिल २०२१ मध्ये ज्या जिनसांच्या टोपलीस १०० रुपये पडत, तिला एप्रिल २०२२ मध्ये १०७ रुपये ७९ पैसे पडू लागले आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ११२ रुपये ८६ पैसे. टोपली एका पैशानेही स्वस्त झाली नाही. ती महाग होण्याची घाई तेवढी थोडी कमी झाली. जिना चढणारा माणूस सावकाश चढू लागला म्हणून तो खाली उतरू लागला असे कोणी म्हणत नाही. पगारवाढीच्या वाटाघाटीत हा मथळा मालकाच्या बाजूने मेजावर ठेवला जातो, तेव्हा त्या गैरसमजाची किंमत प्रत्यक्ष रुपयांत द्यावी लागते.

असाच एक विपरीत प्रकार २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत घडला. रुग्णसंख्या किती दिवसांत दुप्पट होते, हे त्या वेळी साथीचे मुख्य माप होते. हा खरोखर कालावधी आहे. परंतु त्यास ‘रुग्णदुपटीचा वेग’ म्हणण्याची प्रथा पडली, आणि मग वेग तीन दिवसांवरून दहा दिवसांवर गेला, अशी वाक्ये होऊ लागली. दिवस वाढले म्हणजे वेग वाढला की कमी झाला? वाचक गोंधळून जाई. भीतीच्या दिवसांत असा गोंधळ क्षुल्लक नसतो. शंभर रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत गेले, तर तीस दिवसांत ते १,०२,४०० होतात. दर दहा दिवसांनी दुप्पट झाले तर ८०० होतात. इतके प्रचंड अंतर ज्या मापात दडलेले, ते माप उलट्या शब्दात सांगितले गेले. ‘दुपटीचा काळ’ हे साधे, बिनचूक मराठी हाताशीच होते, आणि काही वृत्तपत्रांनी ते कटाक्षाने वापरलेही.

खेळाच्या पानाची गोष्ट निराळी. तेथील वेग बहुधा प्रामाणिक असतो, कारण मैदानावर तो यंत्राने मोजला जातो आणि चेंडू झेलला जाण्यापूर्वी आकडा फलकावर झळकतो. २२ फेब्रुवारी २००३ रोजी केपटाऊन येथे इंग्लंडविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात पाकिस्तानच्या शोएब अख्तरने टाकलेला चेंडू ताशी १६१.३ किलोमीटर वेगाचा नोंदला गेला. हा आकडा हातातून चेंडू सुटतानाचा. खेळपट्टीवर आपटून फलंदाजापर्यंत येईतो तो बराच कमी होतो. तरीही वाद घालण्यास काहीतरी ठोस हाती लागते. अशा गोलंदाजास मराठी वृत्तपत्रे ‘जलदगती गोलंदाज’ म्हणतात, आणि एका प्रकारच्या न्यायालयासही ‘जलदगती न्यायालय’ म्हणतात. विशेषण तेच; परंतु न्यायालयाच्या बाबतीत ते मोजमाप नसून वचन आहे. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २००० सालापासून देशभर अशी १,७३४ न्यायालये स्थापण्याची योजना झाली आणि केंद्राचे साह्य २०११ पर्यंत चालले. पुढे राज्यांनी आपल्या खर्चाने काही चालू ठेवली. एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर ‘खटला जलदगती न्यायालयात चालणार’ असा मथळा येतो आणि वाचकाचे मन थोडे शांत होते. तो खटला कोणत्या दिवशी उभा राहिला, किती तारखा पडल्या आणि निकाल किती महिन्यांनी लागला, हे सांगणारी बातमी मात्र कोपऱ्यात येते किंवा येतच नाही. गोलंदाजाच्या नावापुढे जसा आकडा छापतात तसा ह्या न्यायालयांच्या नावापुढे छापण्यास कोणाची मनाई नाही.

रेल्वेच्या परिभाषेने तर ह्या बाबतीत सर्वांवर मात केली आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गावर ‘जलद’ आणि ‘धीमी’ ह्या शब्दांचा अर्थ गाडीच्या चाकांच्या वेगाशी फारसा बांधलेला नाही. जलद गाडी ती, जी मधली स्थानके सोडून जाते. हे प्रत्येक प्रवाशास इतके पाठ असते की फसगतीचा प्रश्नच येत नाही. लांब पल्ल्याच्या ‘अतिजलद’ गाडीचे मात्र तसे नाही. रुंद मार्गावर ज्या गाडीचा सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक ठरविलेला असतो ती रेल्वेच्या नियमाने अतिजलद, आणि तिच्या तिकिटावर अतिजलदपणाचा निराळा अधिभार असतो. ताशी ५५ किलोमीटर! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीच्या भागात मोटारगाडीस ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. तेथे कोणी ५५ ने गाडी हाकली, तर मागचे लोक कर्णे वाजवून त्यास बाजूस घेतील. वृत्तपत्रात मात्र ‘नवी अतिजलद गाडी सुरू’ एवढेच येते, आणि ती गाडी दोन शहरांतील अंतर किती तासांत तोडते हे पाहण्यास वाचकास वेळापत्रकच उघडावे लागते.